टीव्ही घेताना : बारदान आणि माल

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’ ही म्हण शाळेत असताना मी वाक्यात उपयोग करून दहा वेळा तरी लिहिली असेल. परंतु तिचा खरा अर्थ मला २०२५ च्या दिवाळीत, तालुक्याच्या गावी टीव्हीच्या दुकानात उभी असताना कळला. आपल्या वार्षिकात दरवर्षी प्रवासवर्णने येतात, कविता येतात, थोरांची चरित्रे येतात. टीव्ही कसा निवडावा यावर कुणी लिहिल्याचे मला आठवत नाही. विषय जरा बाजारी आहे, हे मान्य. पण ज्यांच्या घरी अशी वस्तू कितीतरी वर्षांतून एकदा येते आणि तिच्यासाठी दीड-दोन वर्षे पैसे बाजूला टाकावे लागतात, त्यांना हा विषय कवितेइतकाच जिव्हाळ्याचा आहे. म्हणून हा प्रपंच.

माझे वडील बाजार समितीत हमाली करतात. आई शिवणकाम करते. आईचे शिक्षण चौथीपर्यंतचे. पुढे वाचनाशी तिचा संबंध राहिला तो टीव्हीमुळेच. मराठी बातम्यांच्या खाली जी अक्षरांची पट्टी सरकत असते, ती आई मशीनवर बसल्या बसल्या मोठ्याने वाचते. पट्टी पुढे पळते, आई मागे राहते, पण दुसऱ्या फेरीला ती तेच वाक्य पकडते. आमच्या घरात टीव्हीचा हा मोठा उपयोग आहे.

२०२२ साली आम्ही एक स्वस्त संच घेतला होता. नाव आम्ही कधी ऐकलेले नव्हते, पण खोके झकपक होते. चौदा महिन्यांनी पडद्याच्या खालच्या बाजूला आडव्या रेषांचा पट्टा आला. नेमका तिथेच, जिथे आईची पट्टी सरकते. हमी बारा महिन्यांची होती. खोक्यावरच्या क्रमांकावर फोन लावला की नुसती घंटी वाजे. गावातल्या टीव्ही दुरुस्तीवाल्या काकांनी बघून सांगितले, “पोरी, पॅनेल गेलंय. नवीन टाकायचं तर टीव्हीपेक्षा महाग पडंल.” त्या अर्ध्या पडद्यावर आम्ही दोन वर्षे काढली.

दिवाळीच्या आधी आईची भिशी फुटली. बावीस हजार रुपये हाती आले. वडील म्हणाले, “तू कालिजात शिकतीस, तूच बघ कुठल्या कंपनीचा घ्यायचा.” आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. अर्थशास्त्रात मागणीचा नियम मी पाठ केलेला आहे, परंतु टीव्हीच्या खोक्यावर काय लिहिले आहे ते मला कळत नव्हते. ही गोष्ट वडिलांना सांगण्याची मला लाज वाटली. मग पंधरा दिवस मी चार दुकाने फिरले, काकांच्या दुकानात बसले, वाचनालयात वाचले. त्यातून जे समजले ते इथे मांडत आहे.

नावांची गोष्ट

भारतात दूरदर्शनची सुरुवात १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत झाली. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. रंगीत प्रक्षेपण आले ते १९८२ साली, दिल्लीच्या आशियाई खेळांच्या वर्षी. त्या काळात ईसी, वेस्टन, क्राउन, डायनोरा अशी देशी नावे घरोघर होती. ईसी टीव्ही तर हैदराबादच्या सरकारी कारखान्यातून येत असे. पुढे १९८१ साली मुंबईत ओनिडा सुरू झाली. तिच्या जाहिरातीतला शिंगे आणि शेपटीवाला सैतान आमच्या मामांना अजून आठवतो. औरंगाबादचे, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचे, व्हिडिओकॉन हे नाव मराठवाड्याला आपले वाटत असे.

१९९१ नंतर बाजार खुला झाला. सोनी १९९४ मध्ये, सॅमसंग १९९५ मध्ये आणि एलजी १९९७ मध्ये भारतात आली. काचेच्या नळीचे जड संच गेले, सपाट पडदे आले. देशी नावे एकेक करून मागे पडली. व्हिडिओकॉनचे प्रकरण तर २०१८ साली दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणापुढे गेले. त्याच वर्षी शाओमीने भारतात टीव्ही विकायला सुरुवात केली आणि किमती आणखी खाली आल्या.

हा इतिहास सांगण्याचे कारण एवढेच की, टीव्हीच्या बाजारात कोणतेही नाव कायमचे मोठे नसते. मामांचा भरवसा ज्या नावावर होता, ते नाव आज दुकानात शोधावे लागते.

बारदान एक, माल दुसरा

मी पहिल्या दिवशी घरी येऊन नावांची यादी वाचून दाखवली, तेव्हा वडिलांनी एक गोष्ट सांगितली. बाजार समितीत येणाऱ्या पोत्यांवर कुठल्या तरी गिरणीचे, कुठल्या तरी खताचे नाव छापलेले असते. आत असते तूर, नाहीतर हरभरा. बारदान पुन्हा पुन्हा वापरले जाते. म्हणून अडत्या बारदान वाचत बसत नाही. तो पोत्यात पोकळ सळई खुपसतो आणि चार दाणे तळहातावर घेऊन बघतो.

टीव्हीचे अगदी तसेच आहे, हे मला पुढे कळले.

टीव्हीतला सर्वांत महागाचा भाग म्हणजे पॅनेल, अर्थात चित्र उमटवणारी काच. ही काच बनवणारे मोठे कारखाने जगात मोजकेच आहेत आणि आता ते बहुतेक चीनमध्ये आहेत. बीओई, सीएसओटी आणि एचकेसी ही त्यांतली मोठी नावे. सॅमसंगने स्वतः एलसीडी काच बनवणे २०२२ साली बंद केले. जपानच्या शार्पने साकाई येथील टीव्हीच्या काचांचा कारखाना २०२४ साली बंद केला. एलजीचा चीनमधील ग्वांगझू येथील एलसीडी कारखाना २०२५ साली टीसीएल समूहाच्या सीएसओटीकडे गेला. म्हणजे दोन वेगळ्या नावांचे, वेगळ्या किमतीचे संच शेजारी शेजारी ठेवलेले असतील, तर त्यांच्या काचा एकाच कारखान्यातल्या असू शकतात. उलट, एकाच कंपनीच्या एकाच मापाच्या दोन संचांत काच वेगळी निघू शकते.

जुळणीचेही तसेच. जुलै २०२० मध्ये सरकारने रंगीत टीव्हीच्या आयातीवर निर्बंध घातले. आज इथे विकले जाणारे बहुतेक संच भारतातच जुळवलेले असतात. एलजीचा कारखाना पुण्याजवळ रांजणगावला आहे. डिक्सन नावाची कंपनी आंध्रातील तिरुपती येथे निरनिराळ्या कंपन्यांसाठी संच जुळवून देते, पण खोक्यावरच्या मोठ्या अक्षरांत तिचे नाव नसते.

काही नावे तर चक्क भाड्याची आहेत. कोडॅक म्हणजे फोटोच्या फिल्मची अमेरिकन कंपनी, थॉमसन फ्रान्सची, ब्लाउपुंक्ट जर्मनीची. भारतात या तिन्ही नावांचे टीव्ही सुपर प्लास्ट्रॉनिक्स ही भारतीय कंपनी परवाना घेऊन बनवते. तोशिबाचा टीव्ही व्यवसाय चीनच्या हायसेन्सने विकत घेतला आहे. फिलिप्सचे नाव टीव्हीवर लावण्याचा परवाना टीपीव्ही या कंपनीकडे आहे. यात फसवणूक नाही, सारे कायदेशीर आहे. मात्र ‘जर्मन कंपनी आहे, डोळे झाकून घ्या’ असे कुणी म्हणाले, तर डोळे उघडे ठेवावेत.

मग नावाला काहीच अर्थ नाही काय? आहे. काच तीच असली तरी तिच्यामागचे दिवे, चित्र सुधारणारी चिप, रंगांची जुळवणी, आवाज आणि विक्रीनंतरची सेवा या गोष्टी कंपनी स्वतः ठरवते. नावाचे पैसे मोजायचे ते यासाठी.

ठिपक्यांचा हिशेब

टीव्हीचे चित्र ठिपक्यांचे असते. ‘एचडी रेडी’ पडद्यावर आडवे १३६६ आणि उभे ७६८, म्हणजे सुमारे साडेदहा लाख ठिपके असतात. ‘फुल एचडी’वर १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे पावणेएकवीस लाख. ‘फोर के’वर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे त्र्याऐंशी लाख. विक्रेता हे आकडे सांगतो आणि गिऱ्हाईक दबून जाते.

पण आपल्या डोळ्यालाही मर्यादा आहे. एका अंशाचे साठ भाग केले, तर साधारण एका भागाएवढे अंतर निरोगी डोळ्याला वेगळे ओळखता येते. आमची खोली दहा बाय बारा फुटांची आहे आणि टीव्ही आम्ही आठ फुटांवरून बघतो. आठ फुटांवर हे अंतर होते सुमारे पाऊण मिलिमीटर. आता ३२ इंची एचडी रेडी पडद्याचा एक ठिपका अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो. ४३ इंची फुल एचडीचाही तेवढाच. ४३ इंची फोर केचा पाव मिलिमीटर. म्हणजे आठ फुटांवरून यांतला कुठलाच ठिपका सुटा दिसत नाही. फोर केचा खरा फायदा या मापात तीन-चार फुटांवर बसणाऱ्याला, नाहीतर भिंतभर मोठा पडदा घेणाऱ्याला आहे.

माप वाढले की मात्र फरक डोळ्यांना लगेच दिसतो. इंच हे कर्णाचे माप आहे. खोक्यावर ते सेंटिमीटरमध्येही असते : ८० म्हणजे ३२ इंच, १०८ म्हणजे ४३ इंच. कर्ण ३२ चा ४३ झाला की पडद्याचे क्षेत्रफळ ऐंशी टक्क्यांनी वाढते आणि प्रत्येक अक्षर एक तृतीयांशाने मोठे होते. आईच्या पट्टीच्या दृष्टीने हा हिशेब सर्वांत महत्त्वाचा होता.

इथे कराचीही गोष्ट सांगितली पाहिजे. पूर्वी ३२ इंचांपर्यंतच्या टीव्हीवर जीएसटी १८ टक्के होता आणि त्याहून मोठ्यावर २८ टक्के. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या टीव्हीवरचा करही १८ टक्के झाला. त्यामुळे ४३ इंच आमच्या पैशांच्या आवाक्यात आला.

संच एचडी, चित्र कुठले?

आमच्या आळीत एकाने मोठा फोर के टीव्ही घेतला आणि आठ दिवसांत तो म्हणू लागला, “जुन्या डब्यावर चित्र चांगलं दिसायचं.” लोक हसले. पण त्याचे म्हणणे खरे होते.

साध्या वाहिनीच्या चित्रात ७२० गुणिले ५७६, म्हणजे चार लाखांच्या थोडे वर ठिपके येतात. तेवढेच ठिपके टीव्ही आपल्या त्र्याऐंशी लाख ठिपक्यांवर ताणून बसवतो. ४३ इंची पडद्यावर असा ताणलेला एक ठिपका सव्वा मिलिमीटरच्या वर जातो आणि तो आठ फुटांवरून डोळ्यांना जाणवतो. चेहरे मेणाचे दिसतात, अक्षरांच्या कडा फुटतात. पडदा जितका मोठा, तितका हा दोष मोठा. पाणी नळाला जेवढे येईल तेवढेच हंड्यात पडणार, हंडा मोठा घेऊन पाणी वाढत नाही.

तेव्हा मोठा संच घेताना तीन गोष्टी आधी बघाव्यात. आपला सेटटॉप बॉक्स एचडी आहे का? त्यावर एचडी वाहिन्यांचे पैसे भरले आहेत का? आणि बॉक्सपासून टीव्हीपर्यंतची वायर एचडीएमआयची आहे का? लाल-पांढऱ्या-पिवळ्या तीन वायरींतून एचडी चित्र येत नाही. त्या आळीकराचा बॉक्स एचडीचाच होता, पण वायर जुनी तीन रंगांची होती. ती बदलली आणि त्याची तक्रार मिटली.

एका अक्षराचा फरक

‘एलईडी’, ‘क्यूएलईडी’ आणि ‘ओएलईडी’ हे तीन शब्द दुकानात एका दमात म्हटले जातात. ज्याला आपण एलईडी टीव्ही म्हणतो तो खरा एलसीडीच असतो. काच स्वतः उजळत नाही, तिच्यामागे एलईडी दिव्यांच्या पट्ट्या असतात. क्यूएलईडी म्हणजे तीच व्यवस्था, फक्त मध्ये रंग अधिक शुद्ध करणारा एक थर असतो. ओएलईडीत मात्र प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि विझतो, म्हणून त्यातला काळा रंग खरोखर काळा असतो. त्याची किंमत आपल्यासारख्यांच्या पलीकडची. टीव्हीसाठी या मोठ्या काचा मुख्यतः एलजी डिस्प्ले आणि सॅमसंग डिस्प्ले बनवतात. सोनीच्या ओएलईडीतही काच यांचीच असते. क्यू आणि ओ यांत एकाच अक्षराचा फरक, पण जात वेगळी.

एलसीडी काचांतही दोन प्रकार आहेत. आयपीएस काच बाजूने बघितली तरी रंग टिकवते, पण अंधाराच्या दृश्यात तिचा काळा रंग करडा दिसतो. व्हीए काचेचा काळा गडद असतो, पण बाजूने बघितले की चित्र फिके पडते. आमच्या घरात आजी खाटेवर भिंतीकडेला, आई खिडकीशी मशीनवर आणि आम्ही भावंडे खाली जमिनीवर. समोर असे कुणीच बसत नाही! अशा घराला आयपीएससारखी काच बरी. खोक्यावर हे बहुधा लिहिलेले नसते. म्हणून दुकानात बाजूला जाऊन उभे राहावे, खाली बसून बघावे. मी बसले तेव्हा विक्रेता हसला, पण हसू द्यावे.

‘एचडीआर’ हाही असाच एक बिल्ला. त्याचा परिणाम दिसायला पडदा पुरेसा तेजस्वी लागतो. हे तेज ‘निट’ या मापात मोजतात. स्वस्त संचांत ते अडीचशे-तीनशे निटच्या आसपास असते. तेवढ्यावर एचडीआरचा बिल्ला लावता येतो, परिणाम साधत नाही.

शहाणा टीव्ही

आता बहुतेक टीव्ही ‘स्मार्ट’ असतात, म्हणजे टीव्हीच्या आत एक छोटा संगणकच असतो. सॅमसंगमध्ये टायझेन, एलजीमध्ये वेबओएस, सोनी, टीसीएल इत्यादींमध्ये गुगल टीव्ही, अशा त्यांच्या प्रणाली वेगवेगळ्या. सगळ्यांवर यूट्यूब चालते. पण स्वस्त संचात स्मृती एक जीबी असते, तेव्हा दोन-तीन वर्षांत तो रखडू लागतो. दोन जीबी असल्यास बरे. आणि समजा टीव्ही रखडलाच, तर संच बदलण्याची गरज नाही. दोन-तीन हजारांची स्टिक एचडीएमआयला लावली की काम भागते. काच मात्र बदलता येत नाही. म्हणून पैसे काचेवर खर्च करावेत, शहाणपणावर नव्हे.

आवाजाबद्दल थोडक्यात सांगायचे तर सपाट टीव्हीत मोठा स्पीकर बसायला जागाच नसते. वॅटच्या आकड्यावर न जाता बातम्या लावून शब्द स्पष्ट ऐकू येतात का ते बघावे. विजेसाठी तारांकित लेबलावर वर्षाचे युनिट लिहिलेले असतात, ते वाचावेत. पंचाहत्तर वॅटचा संच रोज पाच तास चालला तर महिन्याला सव्वाअकरा युनिट होतात.

पावती

दुरुस्तीवाल्या काकांच्या दुकानात बसून मी जे शिकले ते कुठल्याही खोक्यावर लिहिलेले नाही.

आवाज येतो पण चित्र येत नाही, अशा वेळी अंधारात पडद्याला बॅटरी चिकटवून बघावी. पुसट चित्र दिसले तर काच शाबूत आहे, फक्त मागच्या दिव्यांची पट्टी गेली. ही दुरुस्ती परवडणारी असते. पडद्याचे तेज कायम शंभरावर ठेवले की हे दिवे लवकर जातात. साठ-सत्तरवर आणले तर संच जास्त टिकतो आणि घरात तेवढे तेज पुरते. पावसाळ्यात विजा कडाडू लागल्या की प्लगबरोबर छत्रीची वायरही काढावी, कारण वीज तिच्यातूनही आत येते.

सर्वांत मोठी गोष्ट हमीची. “हमी किती?” एवढेच विचारू नये. “पॅनेलची हमी किती?” असे विचारावे. मग खोक्यावरच्या सेवा-क्रमांकावर, दुकानातूनच, पैसे देण्यापूर्वी फोन लावावा. आपला पिनकोड सांगावा आणि विचारावे, माणूस घरी येतो की संच आपण न्यायचा? किती दिवसांत येतो? सॅमसंग, एलजी, सोनी, पॅनासोनिक यांच्यासारख्या जुन्या कंपन्यांच्या सेवेचे जाळे मोठे आहे आणि त्याचे पैसे किमतीत धरलेले असतात. शाओमी, टीसीएल, हायसेन्स, व्हीयू यांच्यासारखी नावे त्याच पैशांत मोठा पडदा देतात. त्यांची सेवा आपल्या गावापर्यंत पोहोचते का, हे गावागणिक वेगळे असते. परवान्याच्या नावांनाही हेच लागू. आणि प्रसिद्ध नावात एखादे अक्षर इकडेतिकडे करून जे संच विकले जातात, ते घेऊ नयेत. संचाच्या पाठीवर भारतीय मानकाचा क्रमांक आयएस ६१६ आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का ते बघावे.

२०२२ साली आमच्याकडे पावती म्हणून दुकानदाराने दिलेला चिठोरा होता. त्यावर ना संचाचा क्रमांक, ना जीएसटी. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही आणि मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर विचारता येते. आमची हमी संपलेली होती, तेव्हा निकाल आमच्या बाजूने लागला असता की नाही, सांगता येत नाही. पण विचारता तरी आले असते. हे सारे मी वाचले तेव्हा दोन वर्षांची मुदत उलटून गेली होती. बारावीत मी नागरिकांचे हक्क लिहून चांगले गुण मिळवले होते, त्याच वर्षी घरात ती चिठ्ठी डब्यात पडून होती. या गोष्टीचे मला आजही वाईट वाटते.

आम्ही काय केले

बावीस हजारांत आमच्यापुढे दोन वाटा होत्या. मोठ्या नावाचा ३२ इंची, किंवा मधल्या नावाचा ४३ इंची फुल एचडी. दुकानात गेलो तेव्हा विक्रेता माझ्याशी बोलेना. तो वडिलांना ‘कंपनी बघा’ म्हणे आणि नववीतल्या भावाला खेळांचे चित्र दाखवी. सगळ्या टीव्हींवर पेनड्राइव्हमधली फुले आणि पोपट झळकत होते. मी म्हणाले, “दादा, हे बंद करा. मराठी बातम्या लावा आणि चित्र साध्या मोडवर घ्या.” तो म्हणाला, “ताई, बातम्यांवर टीव्ही कोण घेतं?” वडील पहिल्यांदाच बोलले, “ती म्हणती तसं लावा.”

बातम्या लागल्या. पोपट गेले आणि दोन संचांतला फरक समोर आला. मी बाजूला उभी राहिले, खाली बसले, दोन कंपन्यांना फोन लावले. एका ठिकाणी नुसते संगीत वाजत राहिले. दुसऱ्या ठिकाणी बाईंनी पिनकोड विचारून सांगितले की माणूस घरी येतो. पॅनेलची हमी दोन वर्षांची होती. तो ४३ इंची आम्ही घेतला. त्याचे नाव मुद्दामच देत नाही. आमच्या पिनकोडला जे बरे ते तुमच्या पिनकोडला बरे असेलच असे नाही, आणि दोन वर्षांनी ते नाव बाजारात कुठे असेल हेही सांगता येत नाही. विचारायचे प्रश्न मात्र तेच राहतील.

पक्के बिल घेतले. त्यावर संचाचा क्रमांक लिहून घेतला. खोके घरी उघडताना कंपनीचा माणूस समोर होता. ते बिल आता माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेच्या फाइलमध्ये आहे. वडिलांनीच तिथे ठेवायला सांगितले.

मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात शिकलेले आपणच पहिले आहोत. घरचे लोक आपल्याकडे अर्ज, बिल, औषधाची चिठ्ठी वाचायला देतात आणि आपल्याला सगळे कळते असे समजतात. सगळे कळत नाहीच. पण विचारून, वाचून, खाली बसून बघून कळून घेता येते. एवढे केले तरी आपल्या शिक्षणाचे थोडे चीज झाले असे म्हणता येईल.

नव्या संचावर पहिल्या रात्री आईने बातम्यांची पट्टी वाचायला सुरुवात केली. दोन वाक्ये तिने पहिल्याच फेरीत पूर्ण वाचली. तिसरे निसटले. “थांब,” ती म्हणाली, “परत येईलच ते.”